गंभीर गुन्ह्यात कोर्ट शिक्षा कशी ठरवतं? लोक सारखे विचारतात ते प्रश्न

खून, बलात्कार, टोळीचे गुन्हे अशा केसचा निकाल आला की तेच तेच प्रश्न परत येतात, म्हणून सगळे एका जागी घेतलेत. सोपे आधी आणि किचकट मागे. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तर परत लिहिली नाही, नंबर दिलाय. हा वकिली सल्ला नाही, तुमची स्वतःची केस असेल तर वकिलाकडेच जा.

१. धोकादायक गुन्हेगारासाठी आपल्याकडे वेगळी शिक्षा असते का?

नाही. कॅनडात कोर्ट एखाद्याला रीतसर 'धोकादायक गुन्हेगार' ठरवून बेमुदत आत ठेवू शकतं, इंग्लंडमध्येही अशांसाठी वाढीव शिक्षेची वेगळी सोय आहे. आपल्याकडे शिक्षा गुन्ह्याला असते, माणसाच्या प्रकाराला नसते. पण म्हणून धोका बघितलाच जात नाही असं नाही, तो वेगवेगळ्या दारांनी आत येतो : फाशी द्यायची का हे ठरवताना (प्रश्न ५ आणि ६), आधीची शिक्षा असेल तर (प्रश्न ८), आणि शिवाय सोडायची वेळ येते तेव्हा (प्रश्न ९).

खाली सगळीकडे एक फरक लक्षात ठेवा, नाहीतर गोंधळ होणार. गुन्हा किती भयंकर होता हा एक प्रश्न, आणि हा माणूस इथून पुढे किती धोकादायक आहे हा दुसरा. बातम्यांमध्ये आणि खरं सांगायचं तर काही निकालांमध्येसुद्धा पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवून मोकळे होतात.

२. आरोपीला दोषी ठरवलं तर शिक्षा त्याच वेळी का नाही सांगत? 'शिक्षेवर युक्तिवाद उद्या' म्हणजे काय?

कारण कायद्याने ते दोन टप्पे वेगळे केलेत. पहिल्या टप्प्यात फक्त एवढंच की यानेच केलं का. ते ठरलं की आरोपीला शिक्षेबद्दल वेगळं ऐकून घ्यावंच लागतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २३५(२) होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २५८(२) आहे. इथे सरकारी वकील जास्तीत जास्त शिक्षा मागतात, बचावाचे वकील वय, घरची परिस्थिती, पहिलाच गुन्हा वगैरे मांडतात.

प्रत्यक्षात ही सुनावणी कित्येकदा सकाळी दोषी, दुपारी शिक्षा अशी उरकली जाते. आयुष्यभराचा किंवा जिवाचाच निर्णय असताना अर्ध्या दिवसात आरोपीचा वकील काय गोळा करणार? फाशीच्या केसमध्ये ही संधी नेमकी कधी आणि कशी द्यायची हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये घटनापीठाकडे पाठवला तो यामुळेच.

३. एकाला १० वर्षं आणि दुसऱ्याला त्याच कलमात जन्मठेप, असं कसं? जजकडे काही चार्ट नसतो का?

चार्ट नाही. मलिमथ समितीने (फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवायला नेमलेली) २००३ मध्ये शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं बनवायला कायदेशीर समिती नेमा असं सुचवलं होतं, पण अजून तसं काही बनलेलं नाही. कायदा फक्त कुंपण घालून देतो आणि ते कुंपण कुठे अरुंद तर कुठे भलतंच मोठं आहे. खुनाला दोनच पर्याय, जन्मठेप किंवा फाशी, मधलं काही नाही. १२ वर्षांखालच्या मुलीवर बलात्कार असेल तर किमान २० वर्षं, वर जन्मठेप (तीही उरलेलं सगळं आयुष्य) किंवा फाशी. किमान शिक्षा जिथे लिहून ठेवलीय तिथे जजला कितीही दया आली तरी त्याच्याखाली जाता येत नाही. जिथे नुसतं 'इतक्या वर्षांपर्यंत' लिहिलंय तिथे खूप मोकळीक, आणि निकालांमधली तफावत जास्त करून तिथेच दिसते.

४. शिक्षा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या गोष्टी नेमक्या कुठल्या?

वाढवणाऱ्या म्हणजे आधी कट रचून केलेला गुन्हा, अतोनात क्रूरपणा, बळी लहान मूल किंवा म्हातारं किंवा असहाय असणं, विश्वासाचा गैरफायदा (सांभाळणारा, शिक्षक, नातेवाईक, पोलीस), एकापेक्षा जास्त बळी. कमी करणाऱ्या म्हणजे कोवळं वय किंवा खूप म्हातारपण, प्रचंड मानसिक ताणाखाली केलेलं कृत्य, दुसऱ्याच्या दबावाखाली केलेलं, आधीचं रेकॉर्ड स्वच्छ असणं, सुधारण्याची शक्यता, आणि तुरुंगातलं वागणं.

लोकांना वाटतं की दोन रकाने करायचे, मोजायचं, जिकडे आकडा जास्त तिकडे निकाल. तसं नसतं. १९८० च्या बच्चन सिंग निकालातच सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघायचे, आणि वेगवेगळ्या जातीच्या गोष्टींची अशी बेरीज-वजाबाकी करता येत नाही. गरिबीबद्दल पण नेहमी विचारतात. गरीब होता म्हणून सोडा असा त्याचा अर्थ नाही, पण माणूस कुठल्या परिस्थितीतून आला हे बघायला बंदी नाही, उलट ते बघायलाच हवं.

५. 'दुर्मिळातील दुर्मिळ' म्हणजे काय? मला तर प्रत्येक दुसरी केस तशीच वाटते.

हे शब्द बच्चन सिंग विरुद्ध पंजाब सरकार, १९८०, मधले. पाच जजचं घटनापीठ होतं, चौघांनी फाशी घटनेत बसते म्हटलं, न्यायमूर्ती भगवती विरोधात होते. पण ज्या चौघांनी फाशी ठेवली त्यांनीच तिला दार अगदी बारीक ठेवलं : खुनाला जन्मठेप हा नियम, फाशी हा अपवाद, आणि ती कधी तर जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झालेला असेल तेव्हाच. फाशी देताना जजला खास कारणं लिहावी लागतात, हे कायद्यातच आहे.

मग १९८३ मध्ये मच्छी सिंग निकाल आला आणि त्यात पाच गोष्टी सांगितल्या : खून कसा केला, हेतू काय, समाजविघातक स्वरूप, किती मोठा, आणि बळी कोण. 'समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी' हे शब्दही तिथूनच आले. माझं मत असं की गडबड इथून सुरू झाली, कारण पाचही गोष्टी गुन्ह्याबद्दल आहेत, गुन्हेगाराबद्दल एकही नाही. पुढे कित्येक निकालांत नुसतं गुन्ह्याचं वर्णन करून फाशी दिली गेली. २००९ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या बरियार केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःच सांगितलं की गुन्हेगाराची परिस्थिती न बघता दिलेले आधीचे काही निकाल बच्चन सिंगला धरून नव्हते. २०१३ मध्ये शंकर खाडे केसमध्ये (हीसुद्धा महाराष्ट्रातली) परत एकदा गुन्ह्याची कसोटी, गुन्हेगाराची कसोटी आणि त्यावर दुर्मिळातील दुर्मिळची कसोटी असे तीन टप्पे मांडले.

तेव्हा केस भयंकर वाटणं पुरेसं नाही. खून हा प्रत्येकच भयंकर असतो हो.

६. हा सुधारणार नाही, परत करेल, हे जजला कसं कळतं? भविष्य बघतात का?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि याचं उत्तर सगळ्यात अवघड. बच्चन सिंगनुसार आरोपी समाजाला कायमचा धोका राहणार नाही आणि तो सुधारू शकतो, या दोन गोष्टी त्याच्या बाजूने धरायच्या, आणि त्या तशा नाहीत हे पुराव्याने सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. म्हणजे आरोपीने 'मी सुधारेन' हे सिद्ध करायचं नाहीये, सरकारने 'हा सुधारूच शकत नाही' हे दाखवायचं.

वर्षानुवर्षं हे कागदावरच होतं. सरकारी वकील म्हणायचे साहेब किती क्रूर कृत्य आहे बघा, हा सुधारणं शक्यच नाही. म्हणजे प्रश्न १ मधला तोच गोंधळ. मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठोस काहीतरी सांगितलं, की फाशीची शक्यता असेल तर सरकारने आरोपीचं वय, कुटुंब, शिक्षण, उत्पन्न, पार्श्वभूमी, मानसिक तपासणीचा अहवाल अशी माहिती खटल्याच्या पातळीवरच द्यायची, आणि शिवाय तुरुंगातलं वागणं, तिथे केलेलं काम, शिक्षण याचा अहवाल, प्रोबेशन अधिकाऱ्याचं म्हणणं, सगळं मागवायचं. आरोपीलाही त्यावर बोलायची पूर्ण संधी.

एवढं करूनही खात्रीचं उत्तर मिळत नाही हे मान्य करायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ फार तर आजचं सांगू शकतो, हा माणूस २५ वर्षांनी कसा असेल हे कोणीच सांगू शकत नाही. आणि तुरुंगात शांत वागणारा बाहेरही शांत राहील असंही नाही, उलटही नाही. म्हणूनच फाशी आणि १४ वर्षांनंतर होऊ शकणारी सुटका यांच्या मधलं काहीतरी कोर्टांना शोधावं लागलं, ते प्रश्न १० मध्ये.

७. मोर्चे निघाले, टीव्हीवर केस गाजली, तर शिक्षा वाढते का?

कायद्याने नाही. बरियार निकालातही जनमत शिक्षेचा आधार होऊ शकत नाही अशीच भूमिका आहे. पण 'सामूहिक सदसद्विवेकबुद्धी' हा शब्द वापरात असेपर्यंत तो रस्ता पूर्ण बंद झालाय असं मला वाटत नाही, आणि जजही पेपर वाचतातच.

८. त्याच्यावर आधीच १५ केस आहेत! मग तर जन्मठेपच ना?

त्या १५ पैकी किती केसमध्ये शिक्षा लागली, हे आधी विचारा. सराईत गुन्हेगार हा शब्द पोलीस प्रेसनोटमध्ये सढळ हाताने वापरतात, पण कोर्टात चालू असलेली केस म्हणजे सिद्ध न झालेला आरोप. २०१८ मध्ये राजेंद्र वासनिक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की नुसत्या प्रलंबित केस शिक्षा ठरवताना धरायच्या नाहीत.

आधी दोषी ठरलेला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. चोरी, फसवणूक अशा मालमत्तेच्या किंवा बनावट नाण्यांच्या (आता नोटांच्याही) गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली असेल आणि परत तसाच मोठा गुन्हा केला तर वाढीव शिक्षेचं कलम पहिल्यापासून आहे (पूर्वी दंड संहितेत कलम ७५, आता नव्या भारतीय न्याय संहितेत १३). बलात्काराच्या दुसऱ्या शिक्षेला मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी, हे २०१३ साली आलं. मुंबईच्या शक्ती मिल केसमध्ये तेच लागलं. २०१४ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना फाशी दिली, २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते कलम वैध ठरवलं, पण नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच हायकोर्टाने फाशी रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप दिली, वर पॅरोल आणि फर्लोही (तुरुंगातून मिळणाऱ्या रजा, प्रश्न ९) नाही. म्हणजे कलम कडक असलं तरी फाशी आपोआप येत नाही.

९. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं ना?

नाही नाही नाही. रोज येतो हा प्रश्न. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. सुप्रीम कोर्टाने हे १९६१ मध्येच सांगितलंय, आणि तेही महाराष्ट्रातल्या केसमध्ये : गांधी खून खटल्यातले गोपाळ गोडसे म्हणत होते की शिक्षेत मिळालेल्या सवलतीचे दिवस धरून माझी २० वर्षं भरली, सोडा. कोर्ट म्हणालं की जन्मठेप २० वर्षांनी आपोआप संपत नाही. ते २० वर्षांचं कलम फक्त शिक्षेचा अपूर्णांक काढायचा असेल तेव्हाच्या हिशोबाला आहे.

मग १४ कुठून आले? सरकारला शिक्षा माफ करायचा अधिकार आहे. तो १९७८ मध्ये आलेल्या कलम ४३३-अ ने (आता नागरिक सुरक्षा संहितेत ४७५) आवळला : ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकत होती, किंवा फाशीची जन्मठेप झालेली आहे, अशा कैद्याने प्रत्यक्ष १४ वर्षं आत काढल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही. म्हणजे १४ हा सुटकेचा दिवस नाही, सुटकेच्या अर्जाचा विचार सुरू व्हायचा दिवस आहे. पुढे गुन्ह्याचा प्रकार बघून राज्याच्या नियमांप्रमाणे किती वर्षांनी सोडायचं ते ठरतं, महाराष्ट्रात क्रूर गुन्ह्यांना ते २० च्या बरंच पुढे जातं. खटला चालवलेल्या कोर्टाचं मत घ्यावं लागतं, पोलीस आणि तुरुंगाचे अहवाल येतात. 'अजून धोकादायक आहे का' हा प्रश्न खरं तर इथे सगळ्यात प्रामाणिकपणे विचारता येतो, कारण इतक्या वर्षांचं वागणं समोर असतं. पण नेमका हाच भाग बंद फायलींमध्ये चालतो.

पॅरोल (तुरुंगाच्या भाषेत अभिवचन रजा) आणि फर्लो (संचित रजा) म्हणजे सुटका नव्हे. ती रजा असते, परत यावंच लागतं.

१०. '३० वर्षं कुठलीही सूट नाही' अशी शिक्षा हल्ली ऐकू येते. ती कुठल्या कलमात आहे?

कलमात नाही, कोर्टाने तयार केलीय. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद केसमध्ये सुप्रीम कोर्टासमोर पेच होता की फाशी जास्त होते आणि साधी जन्मठेप दिली तर उद्या १४ वर्षांनी सरकार सोडून देईल. म्हणून मधला मार्ग काढला, त्या केसमध्ये मरेपर्यंत, इतर केसमध्ये २०, २५, ३० वर्षं सूट न देता. २०१५ मध्ये श्रीहरन केसमध्ये घटनापीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने हे मान्य केलं, पण अट घातली की ही शिक्षा फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट देऊ शकतं. सत्र न्यायालयाने एखाद्या साध्या खुनाच्या केसमध्ये '३० वर्षं सूट नाही' लिहिलं तर ते अपिलात टिकायला अवघड. (कायद्यातच 'उरलेलं सगळं आयुष्य' लिहिलेलं असेल, जसं प्रश्न ३ आणि ८ मधल्या गुन्ह्यांत, तर ते सत्र न्यायालयही देतं, ते वेगळं.) २०२३ च्या शिवकुमार निकालात अजून एक पाऊल पुढे गेलं, की फाशीचा विषयच नसलेल्या केसमध्येही वरची कोर्टं अशी मुदत ठरवू शकतात.

राष्ट्रपती आणि राज्यपालांचा माफीचा अधिकार मात्र यानेही जात नाही, तो घटनेतला आहे.

११. 'दोन जन्मठेपा' म्हणजे मेल्यावर दुसरी भोगायची का?

यावरचे विनोद आम्हालाही येतात. आयुष्य एकच, त्यामुळे जन्मठेपा एकत्रच चालतात, २०१६ मध्ये मुथुरामलिंगम केसमध्ये घटनापीठाने हेच सांगितलं. पण १० वर्षांची वेगळी शिक्षा असेल तर ती आधी भोगून मग जन्मठेप सुरू, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. उलटा क्रम चालत नाही.

१२. आमच्या भागातल्या एकाला एमपीडीए लागला. ती शिक्षाच झाली ना?

नाही. गंमत म्हणजे 'धोकादायक व्यक्ती' हा शब्द आपल्या राज्याच्या कायद्यात सापडतो तो इथे, १९८१ च्या एमपीडीए कायद्यात, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांच्या रांगेत. पण ती स्थानबद्धता आहे, खटला न चालवता, पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकाऱ्याच्या आदेशाने, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि सल्लागार मंडळ ती तपासतं. जजने गुन्हा सिद्ध धरून दिलेली शिक्षा नाही. तडीपारी तर त्याहून सौम्य, दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर राहायचं. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) मात्र खरा फौजदारी कायदा आहे, खटला चालतो, सिद्ध झालं तर किमान ५ वर्षं आणि कोणाचा जीव गेला असेल तर जन्मठेप किंवा फाशीपर्यंत.

१३. आरोपी १७ वर्षांचा आहे पण कृत्य मोठ्या माणसाचं. फाशी होऊ शकते?

नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक तपासणीनंतर प्रौढासारखा खटला चालू शकतो, पण फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप देता येत नाही. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात, आणि हा मुद्दा कधीही काढता येतो, अगदी सगळी अपिलं संपल्यावरही. मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुण्यातल्या १९९४ च्या एका खूनप्रकरणातल्या फाशीच्या कैद्याला सोडलं, कारण गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता हे सिद्ध झालं. तोपर्यंत २८ वर्षं आत गेली होती.

१४. 'वेडाचा आव' आणला की सुटतात का?

गुन्हा करताना आपण काय करतोय हेच कळत नव्हतं असं सिद्ध झालं तर तो गुन्हाच धरत नाहीत, पण ते सिद्ध आरोपीने करायचं असतं आणि फार क्वचित होतं. दुसरी गोष्ट लोकांना माहीत नसते : शिक्षा झाल्यानंतर तुरुंगात गंभीर मानसिक आजार झाला तर तेही फाशीऐवजी जन्मठेप द्यायचं कारण होऊ शकतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये म्हटलं. त्यात कैद्याचं नाव झाकून ठेवलंय.

१५. शिक्षा कमी वाटली तर पीडितेच्या घरच्यांना अपील करता येतं का?

इथे बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. आरोपी सुटला, किंवा हलक्या कलमात दोषी ठरला, किंवा नुकसानभरपाई कमी मिळाली, तर पीडित पक्ष स्वतः अपील करू शकतो. पण 'शिक्षा कमी आहे, वाढवा' एवढ्याच कारणासाठी नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलं. ते अपील सरकारने करायचं. तेव्हा सरकारी वकिलाच्या मागे लागा, लेखी अर्ज द्या, आणि मुदत निघून जाऊ देऊ नका.

१६. फाशी सुनावली तरी देत का नाहीत?

कारण सत्र न्यायालयाची फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय लागूच होत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी. मग सुप्रीम कोर्ट, मग फेरविचार याचिका, जी २०१४ पासून फाशीच्या केसमध्ये खुल्या कोर्टात तीन जजसमोर ऐकतात, मग दयेचा अर्ज, आणि तो फेटाळल्यावरही किमान १४ दिवस थांबायचं. कसाबच्या केसमध्ये २०१० ची शिक्षा २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात अंमलात आली, म्हणजे मनात आणलं तर लवकर होतं. उलट कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींचा दयेचा अर्ज सात वर्षांहून जास्त पडून राहिला आणि तेवढ्याच कारणाने जानेवारी २०२२ मध्ये हायकोर्टाने फाशीची जन्मठेप केली. ती उशिराची चूक ना कोर्टाची ना आरोपींची, फाइल दाबून बसलेल्या सरकारी यंत्रणेची.

१७. जन्मठेपेच्या कैद्याने तुरुंगात खून केला तर आता काय देणार त्याला?

पूर्वी अशाला फाशी सक्तीची होती, जजला पर्यायच नाही. १९८३ मध्ये मिठू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, कारण परिस्थिती न बघता फाशी देणं योग्य नाही. न्याय संहितेत आता कलम १०४ आहे, फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप, निवड जजची.

१८. गुन्हा एका राज्यात झाला आणि खटला दुसऱ्या राज्यात चालला, तर माफी कोण देणार?

जिथे शिक्षा झाली ते राज्य. बिल्किस बानो प्रकरणात गुन्हा गुजरातमधला, खटला मुंबईत. गुजरात सरकारने ११ जणांना सोडलं, ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली, कारण अधिकार महाराष्ट्राचा होता. सगळ्यांना परत तुरुंगात जावं लागलं.

१९. गुन्हा जून २०२४ मधला, निकाल आता येतोय. नवीन कायद्याची शिक्षा लागणार का?

गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर शिक्षा जुन्या भारतीय दंड संहितेनुसार. गुन्ह्याच्या दिवशी जेवढी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही, घटनेचं अनुच्छेद २०(१) तसं सांगतं. सुटकेच्या धोरणाचं थोडं वेगळं आहे, तिथे दोषी ठरला त्या दिवशीचं धोरण बघतात आणि नंतर त्याहून सवलतीचं धोरण आलं असेल तर कैद्याला त्याचा फायदा मिळतो.